लोंबी ताठ का राहिली?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. खानदेश म्हटलं की लोकांना कापूस नि केळी आठवते. पण नवापूर, धडगाव, साक्रीचा पश्चिम पट्टा, इथली घरं भातावर चालतात. आज त्याच भाताचं बोलू.

नवापूरकडची एक गोष्ट मी नेहमी सांगतो. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी गेली. लावणीला जुलै सरत आला. एका शेतकऱ्यानं दरवर्षीचाच गरवा, म्हणजे उशिरा पिकणारा, वासाचा भात लावला. पुढे पाऊस छान झाला, पीक मांडीला लागलं. येणारा-जाणारा बांधावर थांबून कौतुक करायचा. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस उघडला, खाचरं सुकली, ऊन तापलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात लोंब्या बाहेर पडल्या.

दिवाळीत त्याची म्हातारी आई शेतात आली. पोरगा हौसेनं म्हणाला, "आई, बघ, कसं ताठ उभं आहे!" तिनं एक लोंबी तोडली आणि एकेक दाणा नखानं दाबत गेली. म्हणाली, "बाबा, भरली लोंबी मान टाकते. ही ताठ का?" आत नुसतं टरफल. खळ्यावर उपणणी झाली, तेव्हा धान्याच्या राशीपेक्षा पोचटाचा ढीग मोठा निघाला.

कीड नव्हती, रोग नव्हता. भाताचं फूल सकाळी उमलतं आणि तास-दीड तासात मिटतं. फुलोऱ्यात पारा 35 अंशांच्या वर जाऊ लागला आणि मुळाशी ओल नसली, की पराग कमजोर पडतो, दाणा धरत नाही. पुन्हा सांगतो, फुलोऱ्यात ऊन आणि कोरड एकत्र आली, की दाणा धरत नाही. रात्रीही आता उबदार होत चालल्या आहेत. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदी 2004 मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिथे कोरड्या हंगामात रात्रीचं तापमान 1 अंशानं वाढलं, की उत्पादन 10 टक्क्यांनी घटत होतं.

 

 त्या शेतकऱ्याच्या घरात आता गरव्याबरोबर हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताचंही बियाणं राखलेलं असतं. तुम्हीही राखा. आर्द्रा कोरडी गेली तर गरव्याचा हट्ट नको, हळवं वाण टाका, म्हणजे फुलोरा ऑक्टोबरच्या उन्हाआधी उरकतो. आर्द्रा कोरडी, तर वाण हळवं, एवढं ध्यानात ठेवा. ज्यांच्या जवळ नाला किंवा बंधारा आहे त्यांनी सप्टेंबरातच पाणी अडवा आणि फुलोऱ्याच्या दिवसांत खाचरात 5 सेंटीमीटर पाणी उभं राहू द्या. नमस्कार.