कोको, कॅडबरी आणि साओ टोमे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि चॉकलेटमधलं कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपासच विरघळतं. म्हणून सीताबर्डी असो की महाल, उन्हाळ्यात कॅडबरी फ्रीजमधूनच निघते. कंपनी भारतात आली १९४८ साली. २०१० मध्ये ती अमेरिकेतल्या क्राफ्टने विकत घेतली. मुळात मात्र ते बर्मिंगहॅममधलं एका कुटुंबाचं दुकान.

१८२४. जॉन कॅडबरी चहा, कॉफी आणि पिण्याचं चॉकलेट विकू लागले. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. दारूपायी घरं मोडतात, तर लोकांना दुसरं काही प्यायला मिळावं, ही त्यांची कळकळ.

१८६१ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांच्या हाती धंदा आला तो डबघाईला आलेला. दोघांनी आईकडून मिळालेले चार-चार हजार पौंड त्यात ओतले. त्या काळी कोकोचा तेलकटपणा झाकायला बटाट्याचं नाहीतर साबुदाण्याचं पीठ मिसळत. भावांनी हॉलंडहून व्हॅन हौटेनचं यंत्र आणलं, जादा लोणी दाबून काढलं आणि १८६६ मध्ये निव्वळ कोकोची पूड बाजारात आणली. घराणं सावरलं ते इथून.

१८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर बूर्नव्हिलला गेला. पुढे जॉर्ज यांनी तिथे बागेसकट घरं बांधली. वस्तीत दारूचं दुकान नव्हतं. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, आपल्या नागपुरात जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. तिथेही १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आला. दोन्ही ठिकाणी मालकाने कामगाराच्या घराचा विचार केला, आणि त्याचं मोल मोठं आहे.

पण कोको पिकवणाऱ्याचं काय?

१९०१ मध्ये रिचर्ड यांचे चिरंजीव विल्यम कॅडबरी यांच्या हाती आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या एका विक्रीला काढलेल्या मळ्याची यादी पडली. मालमत्तेत मजूरही होते, किंमत लावलेले. पोर्तुगीजांच्या या बेटावरून कंपनी भरपूर कोको घेत होती. चौकशीला माणूस पाठवला गेला १९०५ मध्ये. खरेदी थांबली मार्च १९०९ मध्ये. आठ वर्षं फार झाली.

‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने यावरून कॅडबरींवर ढोंगीपणाचा आरोप केला. कॅडबरींनी बदनामीचा खटला भरला. १९०९ च्या डिसेंबरात ज्युरीने निकाल त्यांच्याच बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा.