एक दिवसाआड तिरळा होणारा डोळा

नमस्कार मंडळी. आज डोळ्यांचा एक असा आजार सांगते की पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं, आईचाच काहीतरी घोळ होतोय. तीन-चार वर्षांचं पोर, सोमवारी डोळा चांगला नाकाकडे वळलेला, मंगळवारी दोन्ही डोळे एकदम सरळ, बुधवारी परत तिरळा, गुरुवारी काहीच नाही. आणि अपॉइंटमेंट मिळते नेमकी गुरुवारची! डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे, घरी सासूबाई म्हणतात तुलाच भास होतात, आणि कुणीतरी शेजारी येऊन सांगतं की तिरळा डोळा लकी असतो, असू दे.

तर ह्याला म्हणतात सायक्लिक ईसोट्रोपिया. तिरळेपणाच्या साधारण 3 ते 5 हजार पेशंटमध्ये एखादा. हिवतापात कसा दिवसाआड ताप भरतो, तशी ही पाळी, बहुतेक वेळा 48 तासांची. वाईट दिवशीसुद्धा मूल सहसा दोन-दोन दिसतंय म्हणत नाही, कारण मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो.

मग हे बॉडी क्लॉकमुळे होतं का? आपलं मुख्य घड्याळ मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ना, त्याच्या अगदी वर बसलेलं आहे, आणि डोळ्यातून आलेल्या उजेडावर ते रोज सेट होतं. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधल्याबद्दल 2017 चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग ह्यांना मिळालं. त्यामुळे संशय तिकडेच जातो, पण गंमत अशी की ते घड्याळ साधारण 24 तासांचं आणि हा डोळा फिरतो 48 तासांनी, म्हणजे गणित सरळ बसत नाही, आणि नक्की कारण अजून कुणाला सापडलेलं नाही.

आयांनो, तुम्ही एक करा. रोज सकाळी फ्लॅश टाकून मुलाचा अगदी समोरून फोटो काढा, बुबुळावर उजेडाचा ठिपका दोन्हीकडे सारख्याच जागी पडलाय का बघा, आणि नसेल तर कालनिर्णयवर फुली मारा. फुल्या दिवसाआड पडायला लागल्या की अपॉइंटमेंट फुलीच्याच दिवसाची मागा, हट्टाने मागा.

नुसतं थांबून राहिलात तर काही महिन्यांत, कधी वर्षांत, डोळा रोजच तिरळा राहायला लागतो. इलाज म्हणजे ऑपरेशन, आणि त्याचं माप घेतात ते वाईट दिवसाचं. मग चांगल्या दिवशी डोळा उलटा बाहेर नाही का जाणार, असं सगळेच विचारतात. तर सहसा नाही जात. डोळे सरळ होतात आणि ती पाळीच बंद पडते.