दीड किलोमीटरची तार

नमस्कार. टेलिमेडिसिन, म्हणजे दुरून तपासणी आणि उपचार, म्हटलं की सगळ्यांना कोविडच आठवतो. ईसीजीच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या काळातली. ईसीजीचं यंत्र बनवणाऱ्या आइंटहोव्हेन यांच्यापुढे अडचण अशी होती, की यंत्र शेकडो किलोंचं, प्रयोगशाळेत रुतून बसलेलं आणि पेशंट दीड किलोमीटरवरच्या दवाखान्यात. १९०५ मध्ये लायडन गावात त्यांनी टेलिफोनची तार वापरली. पेशंट तिकडे, ईसीजीची पट्टी इकडे.

आज यंत्र खिशात मावतं. अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे वेळेची.

मुलांमध्ये धडधडीचा जो आजार जास्त दिसतो, त्याला आम्ही डॉक्टर एसव्हीटी म्हणतो. हृदयात विजेची एक जादा वाट असते आणि करंट त्या वाटेनं गोल गोल फिरत राहतो. शाळकरी मुलाचे ठोके दोनशेच्या घरात जातात, तान्ह्याचे त्याहूनही वर. दहा मिनिटांनी सगळं आपोआप शांत. तुम्ही तालुक्याला पोहोचता तेव्हा पोरगं खिडकीशी बसून वेफर्स खात असतं. ईसीजी नॉर्मल. मग कुणीतरी म्हणतं, अभ्यासाचं टेन्शन असेल. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सतत ईसीजी टिपणारं यंत्र, लावला तरी दोन महिन्यांतून एकदा येणारा झटका नेमका त्याच दिवशी कसा येईल? त्यात लहान मुलं ‘धडधड’ म्हणतच नाहीत. छातीवर हात ठेवून ‘पोटात दुखतंय’ म्हणतात.

म्हणून झटका येतो तिथे, म्हणजे घरीच, तो पकडायचा. दोन बोटं ठेवून तीस सेकंदांत पट्टी काढणारं छोटं यंत्र मिळतं. तान्ह्याची बोटं कोण स्थिर धरणार, तिथे छातीवर चिकटवायचा पॅच बरा. एक सांगतो, मोबाइलवर येणाऱ्या निकालावर विसंबू नका. ती गणितं बहुतेक मोठ्या माणसांसाठी बसवलेली असतात. तीन महिन्यांच्या बाळाला दीडशे ठोके नॉर्मल, पण यंत्र घाबरवून सोडतं. आम्हाला पट्टी पाठवा, निकाल नको. कागदावरच्या ईसीजीचा फोटो काढलात तर कडा कापू नका. कागदाचा वेग तिथेच छापलेला असतो. तो दिसला नाही, तर चौकोन मोजून आम्ही काय करणार?

औषध चालू झालं की व्हिडिओ कॉलवर माझा पहिला प्रश्न वजनाचा. डोस किलोवर ठरतो, आणि मूल वाढतं तसा जुना डोस तोकडा पडतो. प्रोप्रानोलॉल, म्हणजे ठोके आवरणारं औषध, चालू असलेलं बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. रक्तातली साखर उतरू शकते. कॉलवर मुलाबरोबर मोठं माणूस हवं, हे टेलिमेडिसिनच्या २०२० च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे. आजी चालेल, शेजारची दीदी नको.

आता जे फोनवर करायचं नाही ते. धावताना, पोहताना किंवा अचानक दचकून मूल बेशुद्ध पडलं, तर व्हिडिओ कॉल लावत बसू नका. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा, दुसऱ्यानं १०८ लावावा. लाँग क्यूटी नावाच्या, हृदयातल्या विजेच्या आजारातला झटका हुबेहूब फिटसारखा दिसतो, आणि काही मुलं वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खात राहतात. हा आजार बहुधा घराण्यात चालतो. मूल सावरल्यावर आई, बाबा आणि भावंडांचेही ईसीजी काढा. ते मात्र खुशाल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, कागद टेबलावर सपाट ठेवून, चारी कडांसकट.