वळणावरची पांढरी बाई

(काचेतून रात्रीचा रस्ता)
मध्यरात्र उलटून गेलीय. पुढे-मागे एकही गाडी नाही. आता डावीकडे लक्ष ठेवा… दिसली? कडेला उभी होती ती?

(तेच दृश्य, संथ गतीने)
झाडाचं खोड आहे. बुंध्याला पांढरा रंग मारलाय. गाडी वळते तशी मागची सावली सरकते, आणि बाईनं मान वळवल्यासारखं वाटतं.

हेडलाइट डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेला असला, तर उजेड साधारण 50 मीटर पोचतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. म्हणजे समोरचं ओळखायला जेमतेम दोन सेकंद. मेंदू तेवढाही थांबत नाही, अर्धवट दिसलं की त्याचा माणूस करून मोकळा होतो. त्यात अंधुक उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत. भुतं बहुतेक पांढरीच का, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

(झुडपात दोन हिरवे ठिपके)
कोल्हा. डोळ्याच्या पडद्यामागचा चकचकीत थर आपलाच उजेड आपल्याकडे परत फेकतो.

(कुंपणावर घुबड)
गव्हाणी घुबड. पांढरा चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही. आणि ओरडणं… ऐकाच.

लिफ्ट मागून मागच्या सीटवरून गायब होणारी बाई तर जगभर फिरते. 1942 साली रिचर्ड बिअर्ड्सली आणि रोझली हँकी या अभ्यासकांनी अशा 79 हकिगती तपासल्या. अशा गोष्टीत बाई भेटते ती बहुधा मित्राच्या मित्राला.

(चालकाचा चेहरा, जवळून)
आम्हाला खरं दाखवायचंय ते हे. पापणी बघा. जड होते… अर्ध्यावर येते… परत उघडते. हात स्टिअरिंगवर, पाय ॲक्सिलरेटरवर, आणि मधले दोन-तीन सेकंद हा माणूस झोपलेला होता. विचारलं तर शपथेवर नाही म्हणेल. कधी डोळे उघडे असतानाही मेंदू अशी डुलकी काढतो. झोप आणि जाग यांच्या सीमेवर स्वप्नातलं माणूस रस्त्यावर उतरतं, आवाजसुद्धा येतात. गाणी लावून, काच खाली करून हे जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं झोपलं तर फरक पडतो. पण ‘भूत दिसलं’ सांगायला सोपं, ‘डोळा लागला’ कोण कबूल करणार?

अशी समोर ‘दिसलेली’ बाई वाचवायला स्टिअरिंग ओढलं जातं, गाडी रस्ता सोडते.

(सकाळ. तेच झाड. पांढऱ्या रंगाच्या वर साल निघालेली)