जोची टोपी सारखी का पडते?

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात बेळगावच्या एका निवृत्त इंग्रजी प्राध्यापकांनी केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ घेऊन झाला, जेवणाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात माझं उरकून घेतो.

समितीने दिलेला विषय आहे ‘एपी इंग्लिश लिटरेचरची तयारी’, म्हणजे इथे अमेरिकेत शाळेतली मुलं इंग्रजी साहित्याची कॉलेजच्या पातळीची जी परीक्षा देतात तिची. निरोप देताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, पालकांना टिप्स हव्यात." मी जन्मभर बेळगावात इंग्रजी शिकवलं. सध्या लेकीकडे आलोय, नातीच्या वह्या बघतो, तिच्या मैत्रिणी येऊन डोकं खातात, त्यामुळे तुमची परीक्षाही थोडीफार कळली आहे. टिप्स देतो, पण जरा थांबा. आमच्याकडची मुलं हा विषय कशी शिकली ते आधी सांगू द्या. मला जे सांगायचंय ते त्यांच्याकडूनच शिकलोय.

समोर बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे बरेच चेहरे दिसतात. मघाशी दारातच एकाने विचारलं, "सर, कुंदा आणलाय काय?" आणलाय. पण आपली ही बेळगावची मिठाई भाषण संपेपर्यंत मिळणार नाही.

आमच्या वर्गात मुलं यायची ती येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी आणि खानापूर तालुक्यातल्या आतल्या गावांतून. दहावीपर्यंत मराठी माध्यम, जोडीला शाळेत कन्नड, बाजारात सगळ्याची सरमिसळ, आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी. सीमाप्रश्नावर मी बोलणार नाही. तो काढला तर आपण उद्या सकाळपर्यंत इथेच बसू. पण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, त्याचा एक परिणाम मला वर्गात रोज दिसायचा. मुलगा घरी एका भाषेत, कचेरीत दुसऱ्या आणि परीक्षेत तिसऱ्या. ही अडचणच होती. पहिल्याच वर्षी गळालेली चांगली मुलं मी पाहिली आहेत, तेव्हा त्याचं कौतुक मी करणार नाही.

मात्र याच गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात, गावकऱ्यांच्या वर्गणीतून. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, मग भाषणं, आणि नंतर कथाकथन. शेतावर राबणारी माणसं मांडवात बसून गोष्ट ऐकतात. गोष्ट फसली की धोतर झटकून उठतात आणि चहाला जातात. जमली, तर घरी जाताना वाटेवर भांडण चालू: "त्या बाईनं तसं करायला नको हुतं." "का नको? तू काय केली असतीस गं?" आमची मुलं अशा भांडणांत वाढलेली.

आणि हीच मुलं कॉलेजात आली की गप्प बसायची आणि गाईड घ्यायची. विद्यापीठाच्या पेपरात संदर्भासहित स्पष्टीकरण असायचं, म्हणजे हे कोण कोणास कधी म्हणाले, मग टिपा, मग दीर्घोत्तरी प्रश्न. गाईडात सगळं तयार. पेपर तपासायला बसलं की एकामागून एक उत्तरपत्रिकेत तेच वाक्य, त्याच जागी स्पेलिंगच्या त्याच चुकीसकट! नापास करता येत नाही आणि मार्क द्यायला हात उचलत नाही.

एका वर्षी आम्हाला डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ होती. पिप नावाचा पोरका मुलगा, बहिणीच्या घरी वाढलेला. मेहुणा जो हा गावचा लोहार, या पोरावर जीव टाकणारा. पुढे पिपला कुणा अनामिकाकडून पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेब होतो, आणि एक दिवस जो त्याला भेटायला लंडनला येतो. सत्ताविसावं प्रकरण. जो चांगले कपडे घालून आलाय, ते त्याच्या अंगावर बसत नाहीत. तो पिपला मध्येच ‘पिप’ म्हणतो, मध्येच ‘सर’ म्हणतो. आणि हातातली टोपी शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो. ती पडते. उचलून ठेवतो. परत पडते. चहा होईपर्यंत हेच.

गाईडात याला लिहिलं होतं ‘डिकन्सचा विनोद’. मी वर्गाला विचारलं, टोपी सारखी का पडते? सगळे गप्प. मग म्हटलं, इंग्रजी राहू दे, मराठीत सांगा.

खानापूरकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, टोपी कुठं ठिवायची ते इचारायला लाज वाटूलाल्या त्याला." त्याचे वडील फी भरायला आले की ऑफिसच्या दारात टोपी मुठीत धरून उभे राहायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं. वर्ग एकदम शांत झाला. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उसळली. "लाज जोला नाही, सर. लाज पिपला वाटूलाल्या. गोष्ट कोण सांगतोय? पिपच की. टोपी पडली असंल एकदा-दोनदा, पण त्याला तेवढंच दिसतंय." झालं, जुंपली! एक म्हणतो जो बुजलाय, दुसरी म्हणते पिप कोता झालाय. तिसऱ्याने काढलं की सांगणारा पिप तर आता मोठा झालाय, मग तो स्वतःचीच लाज उघडी करून दाखवतोय का? तास संपला तरी कुणी उठेना. प्रकरणाच्या शेवटी जो काय म्हणतो ते मी वाचून दाखवलं: या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, मला भट्टीपाशी, हातात हातोडा असताना बघ. त्यावर खानापूरचा मुलगा एवढंच म्हणाला, "बघा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तेच भांडण इंग्रजीत लिहायला लावलं. व्याकरण लंगडं होतं. पण कुठलेही दोन कागद सारखे नव्हते, आणि प्रत्येकात एक बाजू घेतलेली होती. त्या वर्षी त्या वर्गातली गाईडं बरीचशी कोरीच राहिली असावीत.

आता तुमच्या परीक्षेकडे येतो. मे महिन्यात असते, तीन तासांची. पहिल्या तासात ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४५ टक्के वजन. चुकलं तर मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. उरलेल्या दोन तासांत तीन निबंध: एक दिलेल्या कवितेवर, एक दिलेल्या गद्य उताऱ्यावर, आणि एक तुम्ही निवडलेल्या कलाकृतीवर. त्यांना ५५ टक्के. प्रत्येक निबंध सहा गुणांचा. त्यात एक गुण तुमच्या ठाम म्हणण्याला, चार गुण पुरावा आणि त्यावरच्या तुमच्या भाष्याला, आणि एक विचाराच्या प्रगल्भतेला. नीट बघा, चार गुण कुठे आहेत! गोष्टीत काय घडलं एवढंच सांगितलं तर यातले फारसे गुण मिळत नाहीत. टोपी पडली हा पुरावा, का पडली हे भाष्य. आमच्या खानापूरच्या मुलाने आणि त्या मुलीने मराठीत जे केलं, तेच इथे मागतात.

म्हणून पालकांना माझं एकच सांगणं आहे: मुलांशी पुस्तकावर मराठीत भांडा. "आम्हाला इंग्रजी साहित्य कुठलं कळतंय," असं म्हणून बाजूला होऊ नका. तुम्हाला पुस्तक वाचलेलं असायला हवं असंही नाही. ‘मग तो असं का वागला?’ आणि ‘हे तुला कशावरून वाटतं?’ एवढे दोन प्रश्न विचारता आले की पुरे. पोरगी चिडून पान उघडून दाखवायला लागली की समजा तयारी चालू झाली. तिचं मराठी अडखळलं तर अडखळू दे, मध्येच इंग्रजी आलं तर येऊ दे. इथल्या शाळेतल्या मुलांना इंग्रजी बोलायला अडचण नाही, पण इंग्रजीत त्यांना तयार वाक्यं फार लवकर सापडतात. मराठीत ती सापडत नाहीत, मग विचार करावा लागतो.

तयार वाक्यांवरून आठवलं. नातीने मला ते यंत्र दाखवलं, जे विचारलं की क्षणात निबंध लिहून देतं. मी त्याला टोपीचं विचारलं. गुळगुळीत उत्तर आलं, आमच्या गाईडापेक्षा इंग्रजी कितीतरी बरं. पण परीक्षेच्या खोलीत ते शेजारी बसणार नाही.

पुस्तकं किती वाचायची? या परीक्षेला सक्तीची यादी नसते. तिसऱ्या निबंधाला सुचवलेल्या पुस्तकांची नावं देतात, पण आपल्या वाचनातलं दुसरं चांगलं पुस्तकही चालतं. तेव्हा वीस पुस्तकांचे सारांश पाठ करण्यापेक्षा तीन-चार पक्की करा. एखादं नाटक, एक जुनी कादंबरी, एक विसाव्या शतकातली. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची जाडी बघून घाबरू नका. १८६०-६१ मध्ये ती साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली, ५९ छोटी प्रकरणं आहेत. रोज दोन वाचली तर महिन्यात संपते. कविता मात्र रोज एक, मोठ्याने, दोनदा. दुसऱ्या वेळी सूर कुठे बदलतो तिथे बोट ठेवायचं. निबंधाला सरासरी चाळीस मिनिटं येतात, त्यातली पहिली आठ-दहा वाचण्यात आणि खुणा करण्यात गेली तर ती वाया गेली असं समजू नका.

शेक्सपिअर असेल तर आपल्याला एक जास्तीची सोय आहे. आगरकरांचं ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ नावाने १८८३ साली आलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, शिरवाडकरांनी ‘मॅक्‌बेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं. घरात मोठ्याने वाचा, आजी-आजोबांना एकेक भूमिका द्या. आमच्या बेळगावात वाढलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि कथा मराठीत लिहायचे. त्यांना ही दोन घरं वेगळी ठेवावीशी वाटली असतील असं मला कधी वाटलं नाही.

मी एप्रिलअखेरपर्यंत इथे आहे. ज्या मुलांची परीक्षा आहे त्यांनी शनिवारी दुपारी लेकीच्या घरी यावं, पत्ता समितीकडे आहे. येताना एक पान आणायचं, आवडलेलं किंवा अजिबात न कळलेलं. न कळलेलं असेल तर उत्तम. पालकांनीही बसायला हरकत नाही, फक्त मुलांच्या आधी उत्तर द्यायचं नाही.

चला, कुंदा उघडा आता.