सहा महिन्यांचं निलंबन सव्वादोन वर्षं चाललं

[दृश्य: दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियमचा परिसर]

ऑगस्ट २०१९. टोकियो ऑलिंपिकला जेमतेम वर्ष उरलेलं. कोरोना येणार आणि ऑलिंपिकच वर्षभर पुढे जाणार, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. अशा वेळी दिल्लीतली राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळा, म्हणजे एनडीटीएल, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं सहा महिन्यांसाठी निलंबित केली. ही संस्था म्हणजे वाडा. निलंबन म्हणजे लघवी असो की रक्त, डोपिंगचा एकही नमुना तपासायचा नाही. ज्यांना हात लागलेला नाही ते आणि ज्यांची तपासणी अर्ध्यावर आहे तेसुद्धा सुरक्षितपणे दुसऱ्या मान्यताप्राप्त लॅबकडे रवाना करायचे.

देशात वाडाची मान्यता असलेली लॅब ही एकच. तीही २००८ पासून. त्यामुळे दुसरी लॅब म्हणजे दुसरा देश. नमुने दोहाला जाऊ लागले. गंमत अशी, की खुद्द दोहाच्या लॅबचीही मान्यता नोव्हेंबर २०१६मध्ये चार महिन्यांसाठी निलंबित झाली होती. त्यांनी चुका सुधारल्या, मान्यता परत मिळवली आणि आता आपले नमुने तिथे.

लॅबची मान्यता गेली म्हटलं, की आपल्याला पहिला संशय येतो तो घोटाळ्याचा. कुणीतरी पैसे खाल्ले असणार, बाटल्या बदलल्या असणार. असंही घडलेलं आहे. मॉस्कोच्या लॅबमध्ये वाडाचे लोक तपासणीला यायच्या आधी १,४१७ नमुने नष्ट करण्यात आले. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये ती लॅब निलंबित झाली, पुढच्या वर्षी मान्यताच काढून घेतली गेली. पण मॉस्को हा अपवाद. बहुतेक लॅब अडकतात त्या कामाच्या पद्धतीत आणि कागदात. वाडाच्या पथकाला दिल्लीत आढळलेल्या त्रुटीही तांत्रिक होत्या, आणि त्यांत ठळक होती एक तपासणी: आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमेट्री. लॅबवाले तिला आयआरएमएस म्हणतात.

[दृश्य: यंत्राचा पडदा, आलेखातली टोकं]

ही तपासणी का लागते? टेस्टोस्टेरॉन हे हॉर्मोन प्रत्येकाच्या अंगात तयार होतं. त्यामुळे ते लघवीत सापडलं म्हणून कुणी दोषी ठरत नाही. लॅब आधी बघते त्याचं एपिटेस्टोस्टेरॉन नावाच्या भावंडाशी असलेलं प्रमाण. ते चारपेक्षा वर गेलं की भुवया उंचावतात. पण काहींचं प्रमाण मुळातच जास्त असतं. मग हे अंगातलं की इंजेक्शनमधलं, ते ठरवायचं कसं?

उत्तर कार्बनमध्ये आहे. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा वनस्पतींपासून, त्यातही सोयाबीनमधल्या घटकांपासून बनतं. निसर्गातल्या कार्बनमध्ये साधारण १.१ टक्का कार्बन-१३ असतो, नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड. सोयाबीनमध्ये तो जरा कमी भरतो. लॅब लघवीतलं ते संयुग वेगळं काढते, जाळते आणि निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जड कार्बन किती, ते मोजते.

इथे सोलापूरकडचा एखादा पैलवान विचारेल, मी तर जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्ली, माझं काय? रास्त प्रश्न आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्यात गहू, तांदूळ, सोयाबीनपेक्षा कार्बन-१३ जास्त असतो. भाकरीवर वाढलेल्या अंगातला कार्बन भातावर वाढलेल्या अंगापेक्षा थोडा जड निघू शकतो. म्हणून तुलना दुसऱ्या माणसाशी करत नाहीत. त्याच लघवीतलं, बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं न बदलणारं आणखी एक संयुग घेतात आणि दोघांतला फरक काढतात. हा फरक हजारात तीनच्या आसपास गेला, की मामला गंभीर होतो. हजारात तीन! आणि त्यावर चार वर्षांची बंदी ठरू शकते.

आता कळेल, की तपासायला आलेलं पथक यंत्र चालू आहे का एवढंच का बघत नाही. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं मोजमाप बरोबर आहे ना याची जुळणी, कधी केलं, संदर्भ नमुना कुठला वापरला, मोजमापातली अनिश्चितता किती धरली, ज्यानं आकडा काढला त्याला ते काम करायचा अधिकार कुणी आणि कधी दिला, हे सगळं लेखी लागतं. नाही सापडलं, की एनसी निघते. पोलीस ठाण्यातली नव्हे, नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमात न बसणारी त्रुटी. एनसी जवळपास प्रत्येक ऑडिटला निघते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मूळ कारण न शोधता ती कागदोपत्री बंद केली, की लॅब गोत्यात येते.

शिवाय वाडा अधूनमधून ओळख लपवून नमुने धाडते. खेळाडूच्या नमुन्यांत मिसळलेला तो नमुना कुठला, हे लॅबला ठाऊक नसतं. अशा नमुन्यात निर्दोषाला दोषी ठरवणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. दोषी सुटला तरी लॅबचे गुण जातात, पण एवढे नाहीत. माझ्या मते हा क्रम बरोबर आहे.

[दृश्य: रिओ द जानेरोचा किनारा]

रिओच्या लॅबनं नेमकं निर्दोषालाच दोषी ठरवलं. २०११मध्ये एका ब्राझिलियन बीच व्हॉलीबॉलपटूच्या नमुन्यात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन असल्याचा निष्कर्ष दिला. फेरतपासणीत तो टिकला नाही. तपासणी हीच, आयआरएमएस. २०१२च्या सुरुवातीला नऊ महिन्यांचं निलंबन झालं, २०१३मध्ये मान्यताच गेली. ब्राझीलमधल्या २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाचे नमुने तपासायला स्वित्झर्लंडला, लोझानला न्यावे लागले. २०१५मध्ये मान्यता परत मिळाली, पण ऑलिंपिक दीड महिन्यावर असताना, जून २०१६मध्ये, पुन्हा निलंबन. ते जुलैत उठलं.

दिल्लीचं मात्र लांबत गेलं. निलंबनाविरुद्ध २१ दिवसांत लोझानच्या क्रीडा लवादाकडे अपील करायची मुभा होती. सहा महिने सरले, तरी काही त्रुटी शिल्लकच होत्या. जुलै २०२०मध्ये वाडानं आणखी सहा महिने वाढवले. त्यानंतरही कुलूप निघालं नाही. टोकियो ऑलिंपिक झालं, नीरज चोप्रानं सुवर्ण जिंकलं, आणि भारतातली डोपिंगची लॅब तेव्हाही निलंबितच होती. मान्यता परत आली डिसेंबर २०२१मध्ये.

आता त्या लॅबवर भार मोठा आहे. २०२३मध्ये आपल्या नाडानं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, ५,६०६ नमुने घेतले, त्यातले २१३ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण त्या वर्षी सर्वाधिक होतं. ज्याचा नमुना पॉझिटिव्ह आला त्या प्रत्येक खेळाडूला त्याच नमुन्याची सीलबंद ठेवलेली दुसरी बाटली, म्हणजे बी बाटली, उघडून तपासून मागायचा हक्क आहे. त्याच्या नमुन्याची लॅबमधली सगळी कागदपत्रं मागवायचाही हक्क आहे. वकील बहुतेकदा आधी तीच मागवतात.