सिद्धार्थचं आजोळ

(इल्लिकुन्नु, तलश्शेरी. बंगल्याचा व्हरांडा, खांब, आवारातली झाडं.)

उत्तर केरळातलं तलश्शेरी. टेकडीवरच्या या बंगल्यात १८३९पासून बरीच वर्षं एक जर्मन मिशनरी राहिला. हर्मन गुंडर्ट. आला होता धर्म सांगायला आणि गुंतला मल्याळममध्ये. म्हणी गोळा केल्या, व्याकरण लिहिलं, १८४७ साली इथेच शिळाप्रेसवर 'राज्यसमाचारम्' हे मल्याळममधलं पहिलं नियतकालिक छापलं. त्याची मुलगी मारी १८४२ साली तलश्शेरीतच जन्मली. पुढे 'सिद्धार्थ' ही कादंबरी लिहिणारा हर्मन हेसे हा या मारीचा मुलगा. कादंबरीवर बोलताना लोक बुद्ध, उपनिषदं, झालंच तर मानसशास्त्रज्ञ युंग इथवर पोचतात. या व्हरांड्यापर्यंत फारसं कुणी येत नाही.

(शब्दकोश. पान सावकाश उलटतं. एका नोंदीवर कॅमेरा थांबतो.)

गुंडर्टचा मल्याळम-इंग्रजी कोश, मंगळूर, १८७२. शब्द, अर्थ, तमिळ-कन्नडमधली त्याची भावंडं, आणि तो कुठल्या जुन्या ग्रंथात सापडला त्याची खूण. असं पानामागून पान, हजारावर पानं. छापखाना बासेल मिशनचा, म्हणजे गुंडर्टच्याच मिशनरी संस्थेचा. कोकणातल्या घरांवर चढलेली मंगळुरी कौलं पहिल्यांदा पाडली तीही याच मिशनच्या कारखान्यात!

(काल्व, जर्मनी. पुलावर टोपी हातात घेतलेला ब्राँझचा हेसे.)

१८५९ साली गुंडर्टने भारत सोडला, पुढे काल्वला राहिला. नातवाचा जन्म इथलाच, १८७७चा. आजोबांच्या काचेच्या कपाटात एक छोटी नाचणारी मूर्ती होती. हेसेने पुढे तिच्याबद्दल लिहिलंय. १९११ साली तो पूर्वेला निघाला खरा. सिलोन झालं, सुमात्रा झालं, पोट बिघडलं आणि स्वारी माघारी फिरली. मलबार राहिलंच. आईचं जन्मगाव त्याने कधीच पाहिलं नाही.

(मोंतान्योला, स्वित्झर्लंड. कासा कामुझीचा दर्शनी भाग. मग संग्रहालय: टाइपरायटर, जलरंगातली चित्रं.)

१९१९. महायुद्ध संपलेलं, संसार विस्कटलेला. या वाड्यातल्या भाड्याच्या चार खोल्यांत हेसे एकटा राहायला आला आणि त्याच हिवाळ्यात 'सिद्धार्थ' लिहायला बसला. ब्राह्मणाचा मुलगा घर सोडतो, श्रमणांबरोबर उपास काढतो, साक्षात गौतमाला भेटतो. आणि त्याच्यापाशीही थांबत नाही. ज्ञान उसनं मिळत नाही, म्हणतो. जिवाभावाचा गोविंद बुद्धाजवळ राहतो; हा एकटाच पुढे निघतो. गणिका कमला भेटते, पैसा येतो, जुगाराचा नाद लागतो, स्वतःचीच शिसारी येते.

आणि इथे हेसे अडला. थोडाथोडका नव्हे, वर्ष-दीड वर्ष. शोधणारा, तळमळणारा सिद्धार्थ त्याला लिहिता येत होता. तो त्याच्या अंगावरून गेलेला होता. पण ज्याला सापडलंय, तो माणूस कसा लिहायचा? १९२१मध्ये तो युंगकडे मनोविश्लेषणासाठी जाऊन आला. मधल्या काळात चित्रं काढत राहिला. ही टेकडी, ही गावं, ही तळी.

(तळ्याचं पाणी. निवेदन थोडा वेळ थांबतं.)

मग नावाडी वासुदेव आला, नदी आली. १९२२मध्ये पुस्तक बाहेर पडलं.

(पुस्तकाच्या आवृत्त्या, झरझर.)

१९४६चं नोबेल, १९५१चा इंग्रजी अनुवाद, अमेरिकेतली साठच्या दशकातली पोरं, १९७२चा सिनेमा, त्यात सिद्धार्थ झालेला शशी कपूर, चित्रीकरण ऋषिकेश आणि भरतपूरला.

(अर्पणपत्रिकेचं पान.)

कादंबरीचा दुसरा भाग, म्हणजे अडलेला तो, हेसेने अर्पण केलाय जपानमधल्या मामेभावाला. नाव वाचा: विल्हेल्म गुंडर्ट.